दवाखान्यात राबणाऱ्या हातांची काळजी कोण घेणार?

सकाळची पुण्याकडे जाणारी गाडी खुटबाव स्टेशनात आली की डब्यात शिरण्याची एकच घाई उडते. कारखान्यात जाणारे कामगार, कॉलेजची पोरे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया आणि कचेरी गाठणारी आमच्यासारखी कारकून मंडळी. या गर्दीत आणखी एक वर्ग असतो. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पुण्याच्या लहानमोठ्या इस्पितळांत मावशी, मामा, आया, सफाई कामगार आणि परिचारिका म्हणून राबणाऱ्या आपल्या माता-भगिनी आणि बांधव यांचा तो वर्ग. यातील पुष्कळजण आपल्याच वस्त्यांतले, आपल्याच घरातले आहेत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या थोरल्या वहिनी त्याच डब्यात आमच्या समोर उभ्या होत्या. गाडीने हिसका दिला. वहिनींनी आधारासाठी वरची दांडी धरली आणि चटका बसावा तशी लगेच सोडली. दांडीवर रक्ताचा बारीक ठिपका राहिला होता.

"वहिनी, हाताला काय लागलं?" आम्ही विचारले.

"काय नाय भावजी, थंडीनं फुटल्यात," असे म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतला.

आम्हाला ते खरे वाटले. थंडीत कुणाचे हात-पाय फुटत नाहीत? पण रात्री घरी गेलो तेव्हा चुलीपुढे वहिनी नव्हत्या, पुतणी भाकरी थापत होती. पोरगी दहावीला. पुस्तक बाजूला पालथे पडलेले. विचारल्यावर ती म्हणाली, "काका, आईला दीड महिना झाला भाकरी थापता येत नाही. पीठ भेगांत जातं आणि आग आग होते." मग आम्ही वहिनींना दिव्याखाली हात दाखवायला लावले. बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे, दोन बोटांची नखे मुळाशी सुजलेली. हा थंडीचा उपद्रव नव्हता. वर्षानुवर्षे दवाखान्यात केलेल्या कामाची ती खूण होती.

दुखणे लपवावे का लागते?

वहिनी पुण्यातील एका मोठ्या इस्पितळात ठेकेदारामार्फत कामाला आहेत. लादी पुसणे, बेडपॅन देणे-धुणे, रोग्याची चादर बदलणे, रोग्याला उठवून बसवणे ही त्यांची कामे. प्रत्येक कामानंतर हात धुवायचे. आम्ही त्यांना म्हटले, एका ड्युटीत किती वेळा हात धुता ते एकदा मोजा. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे सोडून दिले. वर फिनेल, हायपो म्हणजे ब्लीचचे पाणी आणि कपडे भिजवायची पावडर. हातमोजे मिळत ते डॉक्टर वापरतात तसले पातळ. एकच जोडी दिवसभर, आणि तीही बोटाला फाटलेली.

हात फुटल्याचे त्यांनी सांगितले का नाही? कारण सांगितले तर सुपरवायझर म्हणेल, "तुम्हाला काम झेपत नाही, उद्यापासून दुसरी बाई आणतो." ठेक्याच्या कामात एका खाड्याची किंमत काय असते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून दुखणे पदराखाली लपवायचे. पुढची गोष्ट त्यांनी खालच्या आवाजात सांगितली. ती ऐकून आम्ही हादरलो. साबण लागला की जाळ होतो म्हणून गेले काही दिवस त्या हात नीट धुतच नव्हत्या. सिस्टर बघत असल्या तर नळाखाली नुसते बोट भिजवायचे आणि पुढच्या रोग्याकडे जायचे.

वाचक बंधू-भगिनींनो, यात वहिनींचा दोष काय? पण त्या पुढच्या खाटेवरच्या रोग्याचा तरी दोष काय? तोही आपल्यासारख्याच गरिबाच्या घरातला असणार. हाताची कातडी फाटली की कामगाराचे दुखणे आणि रोग्याचा धोका एकाच ठिकाणी येतात. म्हणून हा विषय चैनीच्या क्रीम-पावडरीचा नाही. तो रोग्याच्या जिवाचा आहे आणि कामगाराच्या हक्काचाही आहे.

हात धुण्याची गोष्ट

दवाखान्यात हात धुतलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण हा साधा नियमसुद्धा जगाने सहजासहजी मानलेला नाही.

१८४७ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर बाळंतपणाच्या विभागात होते. तेथे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण सुईणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त होते. शहरातल्या गरीब बायकांनाही हे ठाऊक झाले होते. आम्हाला डॉक्टरांच्या वॉर्डात टाकू नका म्हणून त्या पाया पडत. सेमेलवाइस यांनी शोध घेतला तेव्हा कारण सापडले. डॉक्टर मंडळी सकाळी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत होती. त्यांनी मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातील सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले.

तरीही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. रोग आपल्याच हातांनी पसरतो, हे प्रतिष्ठितांच्या गळी उतरेना. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात उपेक्षित अवस्थेत वारले. पुढे जंतूंचे शास्त्र उभे राहिले आणि त्यांचे म्हणणे जगाला मान्य करावे लागले.

आता दुसरी गोष्ट. ती याहून कमी लोकांना माहीत असते. डॉक्टरांच्या हातातील रबरी मोजे आले कुठून? अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ साली सुरू झाले. तेथे शस्त्रक्रियेच्या खोलीतील मुख्य परिचारिका होत्या कॅरोलिन हॅम्प्टन. त्या काळी हात जंतुरहित करण्यासाठी पाऱ्याच्या विषारी क्षाराचे पाणी वापरत. त्या पाण्याने कॅरोलिन यांचे हात सोलून निघाले आणि काम सोडायची पाळी आली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर विल्यम हॉल्स्टेड यांना अशी कुशल परिचारिका गमवायची नव्हती. १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबरी मोज्यांच्या दोन जोड्या बनवून देण्यास सांगितले. पुढे त्या दोघांचे लग्नही झाले.

याचा अर्थ ध्यानात घ्या. शस्त्रक्रियेतले रबरी मोजे तेथे आले ते रोग्याला वाचवायला नव्हे, एका परिचारिकेची कातडी वाचवायला. रोग्यालाही त्यांचा फायदा होतो, हे नंतर कळले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईचे हात फुटले तर तिच्यासाठी कारखान्यातून मोजे करून आणले गेले. आज आमच्या वहिनींना मात्र फाटकी जोडी मिळते. फरक कातडीत नाही, हुद्द्यात आहे.

कातडी का फाटते?

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. वैद्यकातले आम्हाला कळत नाही. म्हणून वहिनींना घेऊन ओळखीच्या चर्मरोग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले.

आपल्या कातडीचा सर्वात वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. मेलेल्या पेशी या तिच्या विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ हा चुना. ही भिंत आतले पाणी आत ठेवते आणि बाहेरचे जंतू, रसायने बाहेर ठेवते. साबण हातावरचा मळ आणि तेलकटपणा काढतो, पण त्याच वेळी तो हा चुनाही थोडा थोडा खरवडून नेतो. घरी दिवसातून आठ-दहा वेळा हात धुतले तर कातडी तो चुना पुन्हा भरून काढते. दिवसात चाळीस-पन्नास वेळा धुतले तर तिला तेवढी सवडच मिळत नाही. कपड्याचा साबण, गरम पाणी आणि ब्लीच यांनी नुकसान आणखी वाढते. मग कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, लाल होते, खाजते आणि शेवटी भेगा पडतात. दवाखान्यात काम करणाऱ्यांत सर्वात जास्त आढळतो तो हाच प्रकार.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. काहींना रबरातील लॅटेक्स किंवा मोजे बनवताना वापरलेली रसायने सोसत नाहीत. लॅटेक्सच्या ॲलर्जीत मोजे घातल्यावर थोड्याच वेळात खाज सुटते, गांध्या उठतात, क्वचित दमही लागतो. असे झाले तर ते अंगावर काढू नये. जिवावर बेतू शकते. अशा माणसाला लॅटेक्स नसलेले, म्हणजे नायट्राइलचे मोजे मिळाले पाहिजेत. पावडर लावलेले मोजे तर टाळलेलेच बरे. अमेरिकेने २०१७ पासून वैद्यकीय वापरासाठी त्यांच्यावर बंदी घातली आहे.

तिसरे दुखणे वहिनींच्या नखांचे. आपण त्याला नखुर्डे म्हणतो. हात सतत ओले राहिले की नखाच्या मुळाची कातडी सुटते, आत पाणी मुरते आणि बुरशी किंवा जंतू घर करतात.

डॉक्टरांनी सर्वात महत्त्वाचे सांगितले ते असे. फाटलेल्या कातडीवर जंतू अधिक संख्येने राहतात आणि धुऊनही ते सहज निघत नाहीत. शिवाय रोग्याचे रक्त अशा भेगेला लागले तर कावीळ बीसारखा रोग कामगाराला होऊ शकतो. त्यासाठी लस आहे. पहिल्या डोसानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा डोस घ्यायचा असतो. वहिनींना आम्ही विचारले, "लस घेतली का?" त्या म्हणाल्या, "एक सुई दिली होती, पुढचं कुणी बोललंच नाही."

साबण की सॅनिटायझर?

आमच्याकडे एक समज घट्ट बसला आहे. सॅनिटायझर म्हणजे स्पिरिट, त्याने हात जास्त फुटतात, त्यापेक्षा साबण बरा. वहिनींचेही हेच मत होते. डॉक्टर म्हणाले, खरे नेमके उलट आहे. ग्लिसरीन घातलेले अल्कोहोलचे द्रावण कातडीला वारंवारच्या साबण-पाण्यापेक्षा कमी त्रास देते. ते भेगांना झोंबते हे खरे, पण भेगा त्याने पडलेल्या नसतात, साबणाने पडलेल्या असतात. झोंबणे हा कातडी आधीच फाटल्याचा इशारा समजावा.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या द्रावणात ८० टक्के इथाइल अल्कोहोल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल असते आणि दोन्हींत हात मऊ राहावे म्हणून थोडे ग्लिसरीन असते. विकतचे घेताना बाटलीवर या दोन गोष्टी वाचाव्यात.

मग साबण कधी? हाताला रक्त, घाण, विष्ठा, उलटी असे डोळ्यांना दिसणारे काही लागले असेल तर साबण आणि पाणीच पाहिजे. संडासला जाऊन आल्यावरही साबणच. काही प्रकारच्या जुलाबाचे जंतू अल्कोहोलने मरत नाहीत, तेव्हा अशा रोग्याचे काम केल्यावरही साबण. एरवी हात वरून स्वच्छ दिसत असतील तर द्रावण चोळावे. दोन्ही एकापाठोपाठ करण्याची गरज नसते. त्याने कातडीवर दुहेरी मार बसतो.

संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या. रोग्याला हात लावण्याआधी. जखम, सुई, नळी यांच्या निर्जंतुक कामाआधी. रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संबंध आल्यावर. रोग्याला हात लावून झाल्यावर. आणि रोग्याच्या खाटेला, कपाटाला, चादरीला हात लावल्यावर. त्याच वर्षापासून दरवर्षी ५ मे रोजी हातांच्या स्वच्छतेची मोहीम जगभर चालते. या पाच वेळा पाठ असल्या तर फायदा दुहेरी आहे. जेथे हवे तेथे हात धुतले जातात, आणि भीतीपोटी जेथे गरज नाही तेथे कातडी घासली जात नाही.

भीतीपोटी काय होते, ते आपण २०२० साली कोरोनाच्या काळात पाहिले. कुणी ब्लीचच्या पाण्याने हात धुतले, कुणी अंगावर फवारून घेतले. उत्तर प्रदेशात बरेली येथे त्या वर्षीच्या मार्चमध्ये गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपोचा फवारा मारला गेला. त्यात बायका-मुलेही होती. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की माणसाच्या अंगावर अशी फवारणी करू नये. हायपो लादीसाठी आहे, कातडीसाठी नाही. गरिबाची कातडीही कातडीच आहे, हे अजून पुष्कळांना शिकवावे लागते.

घरी आणि कामावर हे लक्षात ठेवा

डॉक्टरांनी सांगितलेले आणि आम्ही वहीत टिपून घेतलेले मुद्दे येथे देत आहोत. ज्यांच्या घरात कुणी दवाखान्यात काम करते, त्यांनी हे कात्रण भिंतीला चिकटवून ठेवावे.

१. हात साध्या पाण्याने धुवा, गरम पाण्याने नको. आधी हात ओले करा, मग साबण घ्या. कोरड्या हाताला साबण फासू नये. धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची, द्रावण चोळण्याची २० ते ३० सेकंदांची. साबण पूर्ण निघू द्या. बोअरचे जड पाणी असेल तर साबण लवकर निघत नाही, तेथे थोडे जास्त पाणी घ्या.

२. फडक्याने घासून पुसू नका. हलके टिपून घ्या आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

३. हात पूर्ण कोरडे झाल्यावरच मोजे घाला. ओल्या हातावर मोजे घातले की आतल्या आत कातडी शिजते. मोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत, असे नाही. काढल्यावर हात स्वच्छ करावेच लागतात.

४. लादी, संडास, भांडी आणि हायपो यांसाठी जाड रबरी मोजे, कोपराकडे लांब असलेले. तपासणीचे पातळ मोजे या कामाला चालत नाहीत, ते फाटतात. फाटके मोजे मोजे नसल्यासारखेच. घाम फार येत असेल तर आत सुती मोजे घाला आणि ते रोज धुवा.

५. हायपोमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचे द्रव कधीही मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

६. अंगठी काढून कामाला जा. अंगठीखाली साबण आणि ओल अडकते आणि चट्टा तेथूनच सुरू होतो. मनगटभर बांगड्या असल्या तर हात नीट धुतले जात नाहीत. नखे कापलेली असावीत.

७. ड्युटी सुटल्यावर, मधल्या सुट्टीत आणि झोपताना हाताला साधे व्हॅसलीन लावा. खोबरेल तेलही चालेल. नखांच्या कडांना विसरू नका. मात्र लॅटेक्सचे मोजे घालण्याच्या आधी लगेच तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर खराब होते. रात्री भरपूर व्हॅसलीन लावून जुने सुती मोजे घालून झोपले तर भेगा लवकर भरतात.

८. मेडिकलच्या दुकानातून कुणी सांगितलेली खाजेची ट्यूब आपल्या मनाने लावू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला बरे वाटते, पुढे कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो पसरतो. हळद, चुना, लिंबू, रॉकेल हे उपायही भेगांवर नकोत.

९. आणि घरच्यांनी हे ऐकावे. दिवसभर दवाखान्यात हात भिजवून आलेल्या बाईने घरी येऊन पुन्हा भांडी घासायची आणि धुणे धुवायचे, मग कातडी भरून यावी कधी? ज्या घरात बाईचे हात फुटले आहेत त्या घरात भांडी पुरुषांनी घासावीत. आमच्या थोरल्या बंधूंनी आधी तोंड वाकडे केले. आता ते रोज घासतात. त्यांचे काही बिघडलेले नाही. पुतणीही पुन्हा पुस्तकाकडे वळली.

हा उपकार नव्हे, हक्क आहे

एवढे सगळे घरी केले तरी दवाखान्यात मोजेच मिळाले नाहीत तर काय उपयोग? म्हणून आम्ही थोडे कागद धुंडाळले.

दवाखान्यातील कचऱ्याबाबत देशात पहिले नियम १९९८ साली झाले आणि २०१६ साली नवे जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आले. या नियमांनी जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावर टाकली आहे. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना योग्य आणि पुरेशी संरक्षण साधने देणे, कावीळ बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे, हे त्याचे कर्तव्य आहे. कायम आणि ठेक्याचा असा भेद करून दवाखान्याला हात झटकता येत नाहीत.

आणखी एक. रसायने आणि जंतू यांमुळे कामावर होणारे कातडीचे रोग हे कायद्याने व्यवसायजन्य रोगांत धरलेले आहेत. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात ते होते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. या विम्याचा पाया ज्या अहवालाने घातला तो प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कामगाराचे आजारपण हा त्याच्या नशिबाचा भाग नाही, समाजाने उचलायची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता. तेव्हा "थंडीनं फुटल्यात" असे म्हणून आपण गप्प बसलो तर आपला हक्क आपणच पदराखाली झाकतो.

एका रविवारी आम्ही वस्तीतील दवाखान्यात काम करणाऱ्या आठ-दहा जणींना विहारात बोलावले. भाषण काही केले नाही. फक्त सर्वांना हात पुढे करायला सांगितले. एकमेकींचे हात पाहून बायका गप्प झाल्या. प्रत्येकीला वाटत होते की हे आपल्या एकटीचेच दुखणे आहे. मग वहिनींच्या दवाखान्यातील चौघींनी मिळून अर्ज केला. एकटीने केला असता तर एकटी निघाली असती. अर्जात तक्रारीचा सूर नव्हता. नियमाचे वर्ष, मागितलेल्या वस्तू आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एवढेच. एक प्रत ठेकेदाराला, एक दवाखान्याला, आणि पोच घेऊन एक आपल्याजवळ. कारकुनी करून आयुष्य गेले, पण पोच घेतलेल्या कागदाची ताकद आम्हाला त्या दिवशी पुन्हा पटली.

लगेच सगळे मिळाले असे नाही. पहिले पंधरा दिवस कुणी दाद दिली नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "हात फुटतात ते घरच्या भांड्यांनी." त्यावर वहिनी म्हणाल्या, "घरची भांडी आता आमचे मालक घासतात, त्यांचे हात बघायला या." नंतर जाड मोजे आले. वॉर्डात द्रावणाची बाटली खाटेजवळ टांगली गेली. वहिनींना महिनाभर कोरड्या कपड्यांच्या खोलीत काम मिळाले. लसीचा राहिलेला डोस मात्र अजून व्हायचा आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. दीड-दोन महिन्यांत भेगा भरल्या. नखे अजून पुरती सुधारलेली नाहीत. डॉक्टर म्हणतात, कातडी वरून बरी दिसली तरी आतून सावरायला काही महिने लागतात, म्हणून व्हॅसलीन सोडू नका.

खर्चाचाही हिशेब आम्ही मांडला. नखे सुजून वहिनींचे बारा खाडे झाले होते. त्या बारा दिवसांच्या मजुरीत व्हॅसलीनच्या कित्येक डब्या आणि वर्षभराचे जाड मोजे आले असते. दवाखान्याच्या दृष्टीनेही एका रोग्याची जखम चिघळण्याचा खर्च मोज्यांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे तोट्याचा व्यवहार दोन्हीकडे आहे, फक्त तो वहीत कुणी लिहीत नाही.

खुटबावहून पुण्याला जाताना आमची गाडी हडपसरवरून जाते. १८९७ साली प्लेगच्या साथीत याच हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला हात लावायला लोक घाबरत होते तेव्हा त्यांनी हात लावला. त्या काळी मोजे आणि लस सर्वांपर्यंत पोचलेले नव्हते. आज दोन्ही आहेत. तरीही रोग्याला हात लावणाऱ्या बाईने आपल्या कातडीची किंमत मोजावी, असे म्हणणे म्हणजे सावित्रीबाईंच्या त्यागाचा आदर नव्हे.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी एक काम करा. आपल्या घरात, शेजारी, नात्यात कुणी दवाखान्यात कामाला असेल तर त्यांना विचारा, "हात दाखवा बघू." त्या म्हणतील, काही नाही, थंडीने फुटले. तरीही दिव्याखाली घेऊन नीट पाहा.